टोकबाईंचा सफेदा

शाळेतल्या मुली त्यांना मागून टोकबाई म्हणायच्या. त्यांना हे ठाऊक आहे, हेही मुलींना ठाऊक होतं. चौतीस वर्षं त्या एकाच शाळेत चित्रकला शिकवत होत्या, आणि वर्गातून फिरताना "टोक काढ गं, टोक काढ" म्हटलं नाही असा त्यांचा एकही तास गेला नसेल. ब्रश पाण्यात बुडवायचा, झटकायचा, दोन ओठांत धरायचा आणि हलकेच फिरवत बाहेर ओढायचा. केस असे जुळून येतात, की टोकाला एकच केस उरला आहे असं वाटावं. फडक्यानं ते जमत नाही, बोटांनी तर नाहीच नाही. बाई म्हणायच्या, "तुम्हाला वाटतं ओठ बोलायला दिलेत. तुमच्या गप्पा ऐकून मलाही तसंच वाटायला लागतं. पण ते दिलेत टोक काढायला."

मुली खुदखुदायच्या आणि ब्रश तोंडात घालायच्या. लहान वर्गातल्या तर उगाचच दोन-दोनदा घालायच्या.

बाईंचे वडील टपाल कचेरीत कारकून होते आणि आई घरी शिवणकाम करायची. चार बहिणींत या तिसऱ्या, म्हणजे लाडाच्याही नाहीत आणि कामाच्याही नाहीत. अकरा वर्षांच्या असताना आईनं त्यांना एका चित्रकाराच्या घरी पाठवलं, उसवलेला कोट शिवून झाला होता तो पोचवायला. त्या चित्रकारांना सगळे मास्तर म्हणत. अंगठ्याएवढी माणसांची चित्रं काढण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. लॉकेटमध्ये, घड्याळाच्या झाकणात, पाकिटात ठेवायची ती चित्रं. मुलगी कोट घेऊन दारात उभी राहिली ती उभीच. मास्तर मागे न वळता म्हणाले, "दारात उभी राहू नकोस, उजेड अडतो. आत ये, नाहीतर जा."

ती आत गेली. पुढची चौदा वर्षं तिथून हलली नाही.

मास्तर म्हणजे आग्यामोहोळ. पोटात कळ आली की टेबलाची कड धरून बसायचे आणि समोर जो असेल त्याच्यावर ओरडायचे. कळ तर आठवड्यातून दोनदा यायची. पण काम शिकवताना त्यांनी हातचं राखून काही ठेवलं नाही. त्यांचा सगळा जीव सफेद्यात. सफेदा म्हणजे शिशापासून केलेली पांढरी भुकटी. काचेच्या लादीवर डिंकाच्या पाण्यात ती बत्त्यानं तासभर घोटायची, मग तिचा असा मऊ, भरीव पांढरा होतो, की एका फटकाऱ्यात डोळ्यातली चमक उभी राहते. बाजारात मिळणाऱ्या तयार पांढऱ्याला मास्तर खडूचं पाणी म्हणायचे.

सफेदा विषारी असतो हे त्यांना चांगलं माहीत होतं. ते सांगायचेही. भुकटीचं कपाट कुलपात, काम झालं की कोपरापर्यंत साबणानं तीनदा हात धुवायचे, आणि त्या खोलीत प्यायच्या पाण्याचा पेलासुद्धा आणायचा नाही. एकदा त्यांच्या मांजरानं लादी चाटली आणि आठवड्याभरात तडफडून मेलं. मुलगी रडायला लागली तेव्हा मास्तर म्हणाले, "जनावर आहे, ते चाटणारच. माणसाला अक्कल असते." एवढं बोलून त्यांनी ब्रश पाण्यातून काढला, ओठांत धरून टोक काढलं आणि पुढचा फटकारा मारला.

मुलीनं ते पाहिलं. त्यात पाहण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नाही. ब्रश तर आत्ताच धुतला होता ना! पाण्यानं वरचा रंग जातो, पण केसांच्या मुळाशी, जिथं ते पत्र्याच्या टोपणात शिरतात, तिथं सफेदा बसून राहतो आणि दर वेळी थोडाथोडा खाली उतरतो. हे त्या घरात कुणाच्या डोक्यात कधीच आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. अक्कल असलेली माणसं होती सगळी.

मास्तर पन्नाशीला आले तेव्हा त्यांचा उजवा हात मनगटातून पडला. बोटं मिटायची, पण पंजा वर उचलता येईना. त्या धंद्यातल्या जुन्या लोकांत एक म्हण होती: हात पडला, चित्रकार पिकला. दोन म्हातारे चित्रकार मुद्दाम भेटायला आले, मास्तरांचा लोंबता पंजा हातात घेऊन त्यांनी कौतुकानं पाहिला. मास्तरही खूष झाले. लाकडी पट्टी मनगटाखाली रुमालानं बांधून त्यांनी आणखी चार वर्षं काम ओढलं. नंतर ते माणसं ओळखेनासे झाले, आणि एका पावसाळी दुपारी गेले. काचेची लादी आणि बत्ता त्यांनी बाईंना ठेवला.

बाईंचं लग्न झालं ते एका घड्याळजीशी. झाकणात चित्र बसवायला म्हणून त्या त्याच्या दुकानात गेल्या होत्या. तो म्हणाला, "तुम्ही माणसं बारीक करता, मी वेळ बारीक करतो, आपलं जमेल." जमलंही. माणूस गमत्या होता आणि मनाचा मोठा होता. लग्नानंतर बाईंना शाळेत नोकरी लागली, आणि घरी चित्रांची कामंही येत राहिली. त्यांच्या हातची चित्रं लांबलांबच्या गावी गेली. एका प्रदर्शनात भिंगाशेजारी रांग लागली, वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात बाई रागावल्यासारख्या दिसत होत्या.

मूल मात्र टिकलं नाही. पहिलं पाचव्या महिन्यात गेलं, दुसरं तिसऱ्यात आणि तिसरं सहाव्यात. ती मुलगी होती, तिला नखंसुद्धा आली होती. सासूबाई म्हणायच्या, "दिवसभर अशी वाकून बसते, पोटाला जागा राहील कुठून?" घड्याळजीनं टेबलाच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे बसवले, म्हणजे बायकोला वाकावं लागू नये. त्या उंच टेबलावर बसून बाईंनी आणखी सव्वीस वर्षं सफेदा लावला. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायच्या, "माझ्या मुली वर्गात बसतात." त्यांना ते मनापासून वाटायचं. नवरा गेल्यावर तर घरात दुसरं कुणी उरलंच नाही.

शनिवारी दुपारी घरच्या पुढच्या खोलीत त्यांचा खास वर्ग भरायचा. शाळेतल्या निवडक सात-आठ मुली, चौदा वर्षांपुढच्या. आत आलेल्या मुलीला बाई स्वतः घोटलेल्या सफेद्याची एक चपटी गोल डबी द्यायच्या. पैसे घ्यायच्या नाहीत. "तिला डबी मिळाली" हे शाळेत पहिला नंबर आल्यासारखं बोललं जायचं, आणि न मिळालेल्या मुली घरी जाऊन रडायच्या. मास्तरांचे नियम बाईंनी डोळ्यांत तेल घालून पाळले. कपाटाला कुलूप, हात तीनदा, खोलीत खाऊ आणायचा नाही. एकीच्या खिशात शेंगदाणे सापडले तेव्हा बाईंनी तिला महिनाभर वर्गाबाहेर बसवलं होतं. "विष आहे ते," त्या ओरडल्या होत्या, "पोटात गेलं तर कळेल!"

या मुलींमध्ये बाईंचा जीव अडकला तो खारीत. तोंडात सदा पेपरमिंटच्या गोळ्या, गाल फुगलेले आणि हात चपळ, म्हणून हे नाव. तिचं टोक बाईंपेक्षा बारीक निघायचं, हे बाई उघड कबूल करायच्या. आता ती एकतीस वर्षांची होती, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची, आणि एका बस ड्रायव्हरशी लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिचीही दोन मुलं पोटातच गेली होती. दुसऱ्या वेळी बाई तिच्या उशाशी बसल्या होत्या. "आपल्या दोघींचं नशीब एकाच पेनानं लिहिलंय," असं तिचा हात धरून म्हणाल्या होत्या. पुढे हे वाक्य आठवलं की बाईंच्या अंगावर काटा यायचा. यंदा पुन्हा दिवस राहिले होते, आणि पाचवा महिना सुखरूप लागला होता.

निवृत्तीला दोन महिने उरले असताना बाईंचा हात पडायला लागला. फळ्यावर गोल काढताना खडू निसटला. मग चहाचा कप सुटला. मग एका सकाळी उजवा पंजा मनगटातून जो खाली आला, तो परत वर जाईना. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी बाईंना थोडा अभिमानच वाटला. आरशासमोर उभं राहून त्यांनी तो हात पाहिला आणि मनात म्हणाल्या, पिकले बरं का, मास्तर.

मुख्याध्यापिकेनं आग्रह करून त्यांना डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी हात बघितला आणि म्हणाल्या, "तोंड उघडा."

"दुखतोय हात," बाई म्हणाल्या.

"हो. तोंड उघडा."

डॉक्टरीणबाईंनी खालचा ओठ बोटानं ओढून हिरड्या पाहिल्या. दातांच्या मुळाशी पेन्सिलीनं ओढल्यासारखी एक निळसर काळी रेघ होती. ती रेघ बाईंनी कितीतरी वर्षं आरशात पाहिली होती, दात घासायच्या पावडरीचा डाग समजून. डॉक्टरीणबाईंनी रक्त काढून घेतलं, चार दिवसांनी बोलावलं आणि तेव्हा सांगितलं, की तुमच्या अंगात शिसं आहे, थोडंथोडकं नाही, वर्षानुवर्षं साठलेलं. तुम्ही सांगता त्या पोटातल्या कळा, पिवळटलेला चेहरा, हा हात, सगळं त्याचंच.

"मी सफेदा वापरते, पण फार जपून," बाई म्हणाल्या. "तीनदा हात धुते. माझ्या खोलीत पाण्याचा पेलासुद्धा येत नाही."

"मग पोटात जातं कसं?"

"मला काय विचारता? मी काय लहान मूल आहे रंग खायला?"

डॉक्टरीणबाई गोंधळल्या. त्यांनी एक कागद पुढे केला, इथं सही करा म्हणाल्या, आणि आपलं पेन दिलं. बाईंनी पेन डाव्या हातात घेतलं, त्याचं टोक ओठांत धरून हलकेच फिरवलं आणि सही करायला कागदावर टेकवलं.

मग डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, "हे तुम्ही नेहमी करता?"

"काय?"

"आत्ता केलंत ते."

बाईंनी पेनाकडे पाहिलं. टोक ओलं होतं. जित्याची खोड म्हणतात, पण आपल्याला खोड आहे हेच ज्याला माहीत नाही त्यानं काय करावं? पायाखालची जमीन सरकली म्हणजे काय होतं, ते त्यांना त्या खुर्चीत बसून कळलं. ते मांजर. मास्तरांचं पोट. त्यांची बांधलेली पट्टी.

"मुलं किती तुम्हाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"राहिली नाहीत. तीन वेळा."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हातातलं पेन काढून खाली ठेवलं. "शिसं आईच्या रक्तातून बाळाकडे जातं. तीनही त्यामुळेच गेली असं मी म्हणणार नाही. नाही गेली असंही म्हणता येणार नाही." मग एकदम काहीतरी सुचल्यासारखं त्यांनी विचारलं, "तुम्ही हे शिकवता का कुणाला?"

बाईंनी मान हलवली, हो.

"मग सगळ्यांना कळवा. थांबवलं की शरीर हळूहळू शिसं बाहेर टाकतं, औषधंही आहेत. पण थांबवायला हवं. आणि त्यांच्यात कुणी पोटुशी असेल तर तिला आज सांगा. उद्या नाही."

घरी येऊन बाईंनी शनिवारच्या मुलींची नावं लिहायला घेतली. डाव्या हातानं, वेडीवाकडी. ज्यांना डबी दिली अशा एकशे बारा निघाल्या. शाळेतल्या बाकीच्या साध्या रंगांच्या, त्या यात धरल्याच नव्हत्या. मास्तरांनी मांजराबद्दल काय म्हटलं होतं ते त्यांना आठवलं आणि त्या एकट्याच मोठ्यानं हसल्या. मग टेबलावर डोकं ठेवून रडल्या. आपण कुंपण म्हणून उभ्या राहिलो आणि आपणच शेत खाल्लं, हे त्यांना पुरतं कळलं होतं. तेव्हाच उठून दोन गल्ल्या ओलांडायला हव्या होत्या. संध्याकाळ झाली होती, दमलोय, सकाळी जाऊ, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

सकाळी खारच आली. पोट जरा दिसायला लागलं होतं, गाल नेहमीसारखे फुगलेले.

"बाई, डबी संपली माझी. एक द्या ना. मोठं काम घेतलंय."

"कसलं काम?"

"सांगणार नाही. आणि विचारूही नका, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, माहितीये ना तुम्हाला."

बाई दारात उभ्या होत्या. आत टेबलावर एकशे बारा नावांचा कागद उघडा पडला होता. तीन वाक्यांचं काम होतं. पण ती तीन वाक्यं बोलली, की ही मुलगी आधी आपल्या पोटाकडे पाहणार, मग त्या दोघांची आठवण काढणार, आणि मग आपल्याकडे पाहणार. ती नजर बाईंना पेलवेना. एवढंच होतं ते. दुसरं काही कारण देऊन त्यांची बाजू घ्यावी असं मला वाटत नाही.

"या दिवसांत काम कमी कर," त्या म्हणाल्या. "आणि हे बघ... हल्ली टोक पाण्यानंच काढत जा. ओठ नको लावूस."

खार खो खो हसत सुटली. "टोकबाई सांगतायत हे? परीक्षा घेताय ना माझी? नाही हो विसरले मी, अजून तुमच्यापेक्षा बारीक निघतं!" आणि तिनं हवेतच ब्रश धरून ओठांतून ओढून दाखवला.

बाईही हसल्या.

मग आत जाऊन त्यांनी कपाटाचं कुलूप काढलं आणि डबी आणून दिली.

त्यानंतर रोज त्या "आज सांगू" म्हणून उठायच्या. पण शाळेत त्यांच्या निरोपाच्या समारंभाची तयारी चालली होती, जुन्या मुली कुठून कुठून येणार होत्या. मग बाईंना एक सोय सापडली: समारंभ होऊ दे, सगळ्या एकदम भेटतील, एकदमच सांगू. भित्र्या माणसाला अशा सोयी बरोबर सापडतात. डॉक्टरीणबाईंचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा बाई म्हणाल्या, "कळवतेय, कळवतेय." एका दुपारी त्या खारीच्या घरापर्यंत गेल्यासुद्धा. खिडकीत ती टेबलावर वाकून बसलेली दिसली. हात पाण्याकडे, मग तोंडाकडे, मग कागदाकडे. पाणी, तोंड, कागद. बाई रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहून ते मोजायला लागल्या, आणि चाळिसापर्यंत आल्यावर घरी परतल्या. दारावर थाप मारायला हात उचलला गेला नाही असं त्या नंतर म्हणाल्या असत्या तर कुणी विश्वासही ठेवला असता. डावा हात मात्र धडधाकट होता.

असे तीन आठवडे गेले.

समारंभाला शाळेचं सभागृह भरलं. केस पिकलेल्या, कडेवर मुलं घेतलेल्या, कॉलेजात जाणाऱ्या, सगळ्या वयाच्या मुली. बाई व्यासपीठावर मुख्याध्यापिकेशेजारी बसल्या, उजवा हात मांडीवर ठेवून. वरून त्यांना सगळं दिसत होतं आणि त्या नको ते शोधत होत्या. तिसऱ्या रांगेतली एक पिवळी पडली होती. ती कधीपासून अशी आहे? मधल्या वाटेनं येणारीनं फुलांचा गुच्छ डाव्या हातानं का दिला? शेवटच्या खुर्चीवर बसलेली एक पोटावर हात दाबून वाकली, आणि बाई खुर्चीतून अर्धवट उठल्या. ती फक्त पडलेला रुमाल उचलत होती.

भाषणं झाली. मग पहिल्या तुकडीतली एक जाडजूड बाई माइकवर आली, स्वतःच आता आजी झालेली. ती ओरडली, "मुलींनो, बाईंनी आपल्याला काय शिकवलं? काढा टोक!"

आणि सभागृहातल्या सगळ्या बायकांनी एकदम हात वर केला, हवेतला ब्रश ओठांत धरला आणि ओढला. कडेवरच्या दोन पोरांनीही आईचं बघून बोटं तोंडात घातली. हशा आणि टाळ्या थांबेचनात. मुख्याध्यापिका हसून हसून डोळे पुसत होत्या. बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या, पण निरोपाच्या दिवशी कुणीही पडतं, असंच सगळ्यांना वाटलं असणार.

त्यानंतर खार वर आली. हातात अंगठ्याएवढी चौकट आणि एक भिंग. "शिष्यांकडून," ती म्हणाली. बाईंनी डाव्या हातानं चौकट घेतली, खारीनं भिंग धरलं.

ते बाईंचंच चित्र होतं. डोक्यावरचे पांढरे केस एकेक करून काढलेले, सफेद्यानं, प्रत्येक केस वेगळा. मास्तरांनी पाहिलं असतं तर उठून उभे राहिले असते. एका केसाला एक फटकारा, एका फटकाऱ्याला एक टोक. बाईंची नजर कानाच्या वरून भांगापर्यंत गेली, शंभरावर मोजणं सुटलं, आणि अजून अर्धं डोकं राहिलं होतं.

त्या उठल्या. भाषण लिहून आणलं होतं ते काढलं नाही. "माझ्या अंगात शिसं आहे," त्या माइकवर म्हणाल्या. "सफेद्याचं. ओठ लावून लावून पोटात गेलं. मी तुम्हालाही तेच शिकवलं."

मागे कुणीतरी हसलं. बाई नेहमी थट्टा करायच्या ना. मग दुसरी हसली, पण अर्ध्यावर थांबली, कारण बाईंनी उजवा हात वर धरला होता आणि त्याचा पंजा मनगटातून खाली लोंबत होता. त्यांनी सगळं सांगितलं. हिरड्यांवरची रेघ, कळा, रक्त तपासायला कुठं जायचं, आणि बाळांचंही. मग एकेक बाई रुमाल काढून ओठ पुसायला लागली, इतक्या वर्षांनी. दोघीतिघी शेजारणीला ओठ खाली ओढून हिरड्या दाखवायला लागल्या.

खार अजून व्यासपीठावरच होती. तिचा एक हात पोटावर गेला होता. मागच्या रांगेतून तिचा नवरा खुर्च्या सरकवत पुढे येत होता.

"बाई," ती म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं?"

आज सकाळी, हे उत्तर बाईंच्या जिभेवर आलं होतं. अगदी तयार होतं. डॉक्टरीणबाईंशिवाय खोटं म्हणणारं कुणी नव्हतं, आणि त्या इथं नव्हत्या. पण चित्र त्यांच्या डाव्या हातात होतं.

"तू डबी न्यायला आलीस ना," त्या म्हणाल्या, "त्याच्या आदल्या दिवशी."

माइक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं. खार रडली नाही, ओरडलीही नाही. ती विचार करत होती, एखादं गणित सुटत नसल्यासारखी. नवऱ्यानं येऊन तिचा दंड धरला, चल म्हणाला, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जाऊ. ती दोन पायऱ्या उतरली आणि परत वळली.

"मग त्या दिवशी माझ्याबरोबर हसलात कशाला, बाई?"